नऊ फूट

अंबड लिंक रोडच्या शेडमध्ये गायखे
मला तीनशे सीसीची लाल दाखवतो.
"पांडवलेणीचा डोंगर चढेल, ताई."
मला डोंगर कशाला?
मोहाडीच्या बागेत दोन ओळींत नऊ फूट,
वर घड लोंबलेले, मान खाली घालून जायचं.

कोपऱ्यात एक बुटकी, वापरलेली,
सीटला चिकटपट्टी.
बसले. पाय नीट पुरले.
अंगठा दाबला, गुरगुरली;
सोडला, गप्प.
हे आवडलं.

वळताना सवयीनं वाटलं, कलेल.
कललीच नाही. फेकलीच गेले असते.
"लुना नव्हे ती," गायखे हसला,
"ही ताठच राहणार. झुकायचं तुम्ही."

बावन्न वर्षं दुसरं काय केलं?
म्हटलं, हेल्मेट धरलंय ना यात?