कुणाच्या अंगी लागलं

किलिबेग्सच्या धक्क्यावर मी मॅकरेल मोजतो.
टनांत.
काट्यावरचा आकडा शंभर किलोंनी इकडेतिकडे झाला
तरी कुणी मान वर करत नाही.
घरी आलो की मात्र
न्हाणीघरातल्या काट्यापुढे गुडघ्यांवर बसतो,
फिन्टनच्या गार पावलांच्या मधोमध
लुकलुकणारा आकडा वाचायला.
सतरा आठशे.
मागच्या महिन्यात? सतरा आठशे.
त्याच्या आधी?
उना म्हणते, विचारू नकोस.

दुकानात आमचं सगळं उलटं.
लोक डबा फिरवून बघतात चरबी किती कमी,
मी बघतो किती जास्त.
एकदा रांगेतली मागची बाई म्हणाली,
मजा आहे बाई तुमच्या घरी, एवढं क्रीम!
मी म्हटलं, हो, रोजच वाढदिवस.

पहाटे सहाला, धक्क्यावरचे दिवे जळत असताना
मी मिक्सर टॉवेलात गुंडाळून लावतो.
उना रात्रपाळीहून येऊन नुकतीच निजलेली असते.
सायीचं दूध, त्यात दुधाचीच पावडर,
म्हणजे दुधालाच दुधाचा टेकू.
क्रीम. काळं पडत आलेलं केळं.
शेंगदाण्याचं लोणी चमचाभर, मग चमचा बोटाने निपटायचा,
कारण चिकटून राहिलेलंसुद्धा मोजलेलं आहे
मॅक्गिन्लीबाईंच्या वहीत.
पण आधी कॅप्सूल. त्यांच्यावाचून
सगळं नुसतं वाहून जातं त्याच्या आतून,
चाळणी धरावी नळाखाली तसं.

फिन्टन पेला दोन्ही हातांत धरतो.
बाबा, तू जा. मी पितो.
मी बूट चढवून येईतो पेला रिकामा,
ओठांवर पांढरी मिशी.
शहाणं माझं लेकरू.

ऑक्टोबरात कुत्री जिना चढेना.
जनावरांच्या डॉक्टरने पोट चाचपलं,
म्हणाला, पिल्लं नाहीत. नुसती खातेय.
काय घालता हिला?
मी म्हटलं, मासळीची डोकी. कोरडे तुकडे.
आणि मग गप्प झालो.
येताना गाडीत ती मागच्या सीटवर पसरलेली,
अंगावर अशी तुकतुकी
की आरशात बघू की रस्त्याकडे.
अंगी लागलं होतं.
तिच्या.

ओरडणार होतो. वाक्यंसुद्धा जुळवली होती.
पण तो जिन्यात बसून आधीच रडत होता.
तिला आवडतं ते, बाबा.
आणि मिशी मी बोटाने काढायचो.

त्या रात्री मी तो पेला पहिल्यांदा तोंडाला लावला.
इतक्या महिन्यांत एकदाही नाही,
थेंबन् थेंब त्याच्या नावाचा होता ना.
गोड? गोडाचा चिखल.
जिभेवर साय, दातांत पावडर,
घशातून उतरताना ओल्या वाळूसारखं जड.
अर्ध्यावर थांबलो.
तो बघत होता.
सगळं संपवायचं, म्हणाला,
अगदी माझ्याच आवाजात.

संपवलं.

मॅक्गिन्लीबाईंना फोनवर विचारलं,
प्यायचं ते गोडच हवं असं कुठे लिहिलंय का?
त्या जरा वेळ हसल्या, मग म्हणाल्या, नाही हो.
आता मिक्सरात उकडलेला बटाटा, लोणी, क्रीम,
मूठभर चेडर, आणि मीठ. मीठ तर हवंच त्याला,
घामावाटे सगळं निघून जातं.
कपाळाची पापी घ्या, समुद्र लागतो ओठांना.
कधी पितो, कधी अर्ध्यावर सोडतो.
परवा पेला सिंकमध्ये ओतला, माझ्यादेखत,
चोरून नाही. ही प्रगती की काय, कळेना.

काल काटा अठरा म्हणाला.
उना म्हणाली, फरशी वाकडी आहे तिथली, सरकव.
सरकवला. सतरा नऊशे पन्नास.
दाराशी कुत्री बसलेली,
पोट आत गेलेलं, नजर पेल्यावर,
आमचं कुणाचंच तिला पटत नव्हतं.

आज धक्क्यावर चाळीस टन उतरले.
गलका, बर्फ, डोक्यावर सीगल.
मी शेजारच्याचा दंड धरून म्हटलं,
दीडशे ग्रॅम!
तो म्हणाला, कशाचे?