कानात

मांडवीपासून पाणीगेटपर्यंत संचारबंदी, तिसरी रात्र.
ड्यूटी बदलायला कुणी आलंच नव्हतं.
मी शुक्रवारची, आणि बाहेर रविवार झाला होता.
ऑटोक्लेव्ह बंद. सुया स्टोव्हवर उकळत होत्या
चहाच्या पातेल्याशेजारी,
आणि शनाभाई, आमचे वॉर्डबॉय,
दोन्हींवर सारखीच नजर ठेवून होते.

बत्तीस कॉट, सत्तावन्न माणसं.
काही गादीवर, काही नुसत्या फरशीवर,
ज्यानं मारलं त्याच्या पायाशी ज्याला लागलं त्याचं डोकं,
असंही असेल. आम्ही विचारत नव्हतो.
कुणीच कुणाला नाव विचारत नव्हतं.
नावातच सगळं होतं: गल्ली, सण,
दगड कुठल्या बाजूनं आला ते.

साडेबाराला रक्ताची बाटली आली.
एकच. बी पॉझिटिव्ह. चिठ्ठीवर शाईनं दिनेश,
आडनाव ओल्या बोटानं पुसलेलं.
मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहिले
आणि रोजच्यासारखी ओरडले,
"दिनेश कोण छे?"

दोन हात वर झाले.

अठरा नंबर. एकोणीस नंबर.
बडोद्यात काय, पोळीपोळीत चार दिनेश.
बाटली मी अडकवलीही असती.
पण एकोणीसचे डोळे
अठराच्या पायाशी टांगलेल्या तक्त्यावर होते,
धडा पाठ करणाऱ्या पोरासारखे.
ओठ हलत होते.

मी त्याच्या कॉटच्या कडेला बसले. वाकले.
"मला नको सांगू. माझ्या कानाला सांग."

बारशाला आत्या अशीच वाकते,
बाळाच्या कानात नाव सोडते,
कुर्र म्हणते, आणि तिच्या पाठीत बुक्के बसतात.
चार भाच्यांची आत्या मी, मला ते येतं.
हे उलटं होतं.
वाकलेली मीच, आणि नाव पलीकडून यायचं होतं,
आणि माझी पाठ
कधी काय बसेल म्हणून ताठ.

बराच वेळ नुसता तापलेला श्वास.
मग तीन अक्षरं.
दिनेशचीही तीनच.

ती मी इथंही लिहीत नाही.

त्याचं रक्त पुन्हा तपासायला धाडलं. ओ निघालं.
बी चढलं असतं तर हुडहुडी भरली असती,
लघवी काळी झाली असती,
आणि सकाळी आम्ही म्हणालो असतो, दंगलीत गेला.
त्या आठवड्यात असे किती
आमच्या हातून गेले आणि दंगलीच्या नावे मांडले गेले,
मला मोजता येत नाही. मी मोजून पाहिलंय.

शनाभाईंनी चिकटपट्टी फाडून दिली.
जांभळ्या औषधात काडी बुडवून
मी मनगटावर लिहीत गेले, कॉटचा आकडा, रक्ताचा गट.
नाव नाही.
पहाटेपर्यंत सत्तावन्न वेळा वाकले.
काहींनी खरं सांगितलं, काहींनी नसेल,
एका म्हाताऱ्यानं आधी मलाच विचारलं, "तमारुं?"
मी त्याच्या कानात सांगितलं.

ओची बाटली पावणेसहाला पोचली,
गाडी नाक्यावर अडवून ठेवली होती.
एकोणीसचा पाय गेला. माणूस राहिला.
अठरा पाणी मागत होता आणि कुणाच्याही नावानं शिव्या देत होता.

पुढं कितीक वर्षं नवीन पोरींना शिकवताना
मी एवढंच सांगत आले:
"तुम्ही अमुकच ना?" असं विचारू नका,
भेदरलेला माणूस कशालाही हो म्हणतो.
त्याचं नाव तुम्ही घेऊ नका. त्याला घेऊ द्या. हळू.
पोरी लिहून घेत.
हळू का, ते कुणी विचारलं नाही.

त्या सकाळी मेट्रन रजिस्टर उघडून बसल्या होत्या.
"एकोणीसचा रकाना कोरा आहे, सिस्टर.
नाव काय लिहू?"
मी पेन घेतलं आणि लिहिलं:
माहीत आहे.