रकाना अकरा

ईडे बेटाच्या धक्क्यावर यंत्र वर काढून ठेवलंय.
सात वर्षं भरती-ओहोटीच्या तोंडी होतं.
पोटावर शिंपल्यांची खरूज,
आणि एका पात्याला चीर,
नखानं ओढावी एवढीच;
तेवढ्यावर कंपनी बुडाली म्हणतात.
(समुद्रात नाही. कागदावर.)

माझ्याकडे तक्ता आहे.
पाळण्यापासून सरणापर्यंत मोजायचं, असा नियम:
पोलाद किती टन, त्याच्यापायी कोळसा किती गेला,
बोटीनं डिझेल किती प्यायलं,
चुंबकातली माती कुठल्या डोंगराची,
आणि तो डोंगर आता कुठे आहे.
मग सगळ्याला भागायचं
मिळालेल्या युनिटांनी.
एक युनिट म्हणजे
इझबेल ड्रेव्हरची किटली
आठ-नऊ वेळा उकळते, तेवढी वीज.

मी तिच्याकडेच उतरले आहे.
ती किटली दिवसातून एकदाच उकळते
आणि फ्लास्कात ओतून ठेवते.
"वाऱ्याला काय तोटा? वाळत घातलेली चादर
नॉर्वेहून आणावी लागते इथं.
पण वारा फार झाला की
टेकडीवरची चक्की थांबवतात.
केबल बारीक आहे म्हणे, वीज मावत नाही.
चक्की थांबलेल्या रात्रीच
मला जास्त गारठायला होतं."

मी विचारलं, हे 'विश्वासार्हता'त लिहू की 'परवडण्या'त?
ती म्हणाली, बिस्किट घे.

दाराआड तिच्या बापाचं लांब पात्याचं फावडं.
जळाऊ माती कापायचं.
हातभर खोल गेलं की चार-पाचशे वर्षं
एका हिवाळ्यात चुलीला.
त्याला कुणी तक्ता भरायला लावला नाही.
लावायला हवा होता का?
इझबेलला धुराचा वास तेवढा आठवतो,
गोडसर, लोकरीत बसायचा.

सीलांचा रकाना आधीच भरलेला मिळाला.
दोन उन्हाळे रोना नावाची पोर
कड्यावर दुर्बीण घेऊन बसायची.
तिच्या वहीत, पेन्सिलीनं, रोज तेच:
मेलेलं सील दिसलं नाही.
धुकं. मेलेलं सील दिसलं नाही.
एडिंबराला पोचेपर्यंत त्याचं झालं:
सील मेलं नाही.
तीन शब्द. बाकीचे कुणी खाल्ले
ते कुठल्याच तक्त्यात नाही.

मॅन्सी स्कॉलेनं बोटीतून जागा दाखवली.
खाली काँक्रीटचा ठोकळा राहिलाय, यंत्राचा पाय.
नियमाप्रमाणे तळ होता तसा करून द्यायचा.
त्यानं पिंजरा ओढला. आत शेवंड,
शाईच्या बाटलीसारखी निळी, नांग्या रबरानं
बांधेपर्यंत रागावलेली.
"ठोकळ्याखाली राहतात," म्हणाला.
"तुम्ही हे टाकलंत तेव्हा
मी विरोधात सही केली होती.
आता काढू नका म्हणून
कुठे सही करायची असते?"

मी ओहोटीच्या वेळांचा तक्ता बघत राहिले.

रात्री आकडा निघाला. चांगला आहे.
कोळशाच्या कितीतरी खाली,
आणि खोटा नाही; तीनदा तपासला.
फक्त सात वर्षांनी भागलाय.
वीस धरली असती तर आणखी देखणा दिसला असता,
वीस धरा असं सुचवणारा मेलही आलाय,
फार सभ्य भाषेत.
उत्तर अजून दिलेलं नाही.

"पास की नापास?" इझबेलनं विचारलं
आणि फ्लास्क उपडा केला.
पाणी कोमट. तरी चहा केला, तरी प्यायलो.

रकाना अकरा: इतर.
दोन बोटं रुंद.
लिहिलं: शेवंड, निळी, ठोकळ्याखाली राहते.
मग खोडलं.
ठोकळ्याखाली मी कुठे गेले होते?
बाहेर वारा वाढला होता,
टेकडीवरची चक्की थांबलेली.
लिहिलं: एक दिसली.