खाचा

बाबा, डोळे मीट.
नायलॉनचा तंतू टेकवतेय. लागला की सांग.
अंगठा. टाच. करंगळीखालची गादी.
खिडकीबाहेर तारावाची खाडी ओहोटीत मागे सरतेय.
तू विचारतोस, "केलीस का सुरुवात?"

झालं होतं.

नोंदवहीत लिहिते:
बाउरो तेकाबू, वय एकसष्ट, उजवा पाय, दहापैकी दोन.

चाळीस वर्षं, पहाटे आणि तिन्हीसांजेला,
याच पायांनी तू माडावर चढलास,
बुंध्यातली एकेक खाच अंगठ्यानं चाचपत.
वर पोचलास की गायचास,
खाली न्हाणाऱ्या बायकांना कळावं म्हणून
की झाडावर माणूस आहे.
पोय तासायचास. रस थेंबाथेंबानं करवंटीत.
आई तो आटवायची,
आधी मधासारखा, मग तांबूस, मग काळा.

प्रयोगशाळेत शिकले ते तुला कसं सांगू?
असं बघ. तुझ्या मज्जातंतूलाही खाचा आहेत.
अंगठ्याला टोचलेलं
खाचेवरून खाचेवर उडी घेत पाठीकडे चढतं.
स्नायूच्या दारात साखरेला इन्सुलिनची चिठ्ठी लागते;
इथे कुणी चिठ्ठी विचारत नाही.
रक्तात भरती, की आतही भरती.
आत एक एन्झाइम, एरवी डुलक्या काढणारं,
भरतीला जागं होतं, साखरेचं सॉर्बिटॉल करत सुटतं.
सॉर्बिटॉलला परत जायची वाट सापडत नाही.
आणि या कामात खर्ची पडते नेमकी तीच शिदोरी
जिच्यावर ग्लुटाथायोन जगतं,
ठिणग्या विझवणारं.
ते उपाशी. ठिणग्या पडत राहतात.

बाकीची साखर प्रथिनांना चिकटते
आणि आईच्या पातेल्यासारखीच तांबूस होत जाते,
चुलीवाचून,
अंगातल्या कोमट उबेवर, वीस वर्षं.
तंतूला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या
भिंती जाड होतात. खाचांच्या कडा सुटतात.
उडी हुकते.

"पण पहिले पायच का?"

कारण ती वाट सगळ्यात लांब.
कमरेपासून अंगठ्यापर्यंत एकच धागा,
आणि त्याचं सगळं सामान वरून येतं.
तुझ्या आईच्या बेटावर जहाज पोचायचं तेव्हा
पीठ संपलेलं असायचं ना? तसं.

तू हसलास. म्हणालास, रॉकेलही.

रात्री मात्र हेच बहिरे पाय पेटतात,
चादर सोसवत नाही, तू दारात जाऊन बसतोस
पाय ओल्या वाळूत खुपसून.
ते का, हे मला नीट सांगता येत नाही.
पुस्तकात तीन कारणं आहेत,
त्यातलं एकही तुझ्याशेजारी वाळूत बसत नाही.

गुरुवारी तुझ्या टाचेतून पोवळ्याचा तुकडा काढला.
तीन दिवसांचा. मला वासानं कळला.
मी चिमट्यानं ओढत होते
आणि तू सांगत होतास, ट्युना कुठे मिळतोय.

माड सोड, असं डॉक्टर म्हणाल्या, मीही म्हणाले.
तू ऐकून घेतलंस
आणि पहाटे करवंट्या घेऊन निघालास.

आता खाली बघत चढतोस.
अंगठा बसला का, हे डोळ्यांना विचारतोस.
बघणं आणि गाणं एकदम जमत नाही तुला,
म्हणून गाणं बंद.

मी बुंध्याशी कंदील धरून उभी असते.
न्हायला आलेल्या बायकांना
आता माझाच आवाज ऐकू येतो:
चौदा, बाबा. पंधरा.
सोळावी जरा डावीकडे.