बिजागरी

हळदोण्यात तावोरांच्या घरी शूटिंग होतं.
मला बोलावलं ते दार करकरवायला.

पस्तीस वर्षं दारांचे आवाजच घालवत आलो,
बिजागरीला खोबरेल, चौकटीला रंधा.
दिग्दर्शक म्हणाला, च्यारीमामा, आता उलटं करा.
तेल पुसलं, मीठ चोळलं, माडाचं व्हिनेगर ओतलं.
तिसऱ्या दिवशी दार असं विव्हळलं
की साउंडवाला पोरगा माझ्या पायाच पडला.

मग बाल्कांवच्या सोप्यावर बघत बसलो.
आधी मांजर उडी मारतं. ते खोटं.
खरं मागाहून येतं, लोकांनी श्वास सोडला की.
आरशाचं कपाट मिटताना मागे कुणीतरी असतंच.
मोबाइलला रेंज नसते
(आमच्याकडे तशीही नसते, चिंचेखाली जावं लागतं).
वीज घालवायला त्यांनी माणूस ठेवलेला;
बुधवारी ती खरीच गेली, तर शूटिंग बंद.
नायिका पांढऱ्या गाउनात एकटीच तळघरात उतरते.
इथे तळघर नाही, म्हणून न्हाणीत.
विचारते, कोण आहे?
असलं कुणी, तर सांगेल का गं बाई?

लेखकाने राखणदाराचं विचारलं.
म्हटलं, रात्री काठी आपटत शिवेवरून फिरतो,
प्यालेल्याला हाताला धरून घरी सोडतो,
चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात,
आम्ही नव्या देतो.
त्याने वहीत लिहिलं: डोळे लाल. निदान दोन खून.

जेवताना मी एकच विचारलं,
इतकं सगळं होतंय,
तर ही माणसं घर सोडून जात का नाहीत?
हसले सगळे. मामा, मग पिक्चरच संपेल!

आमच्या वाड्यावर अकरा घरं.
ना मांजराने उडी मारली, ना आरशात कुणी दिसलं,
तावोरा स्विंडनला गेले, मिनेझिस टोरांटोला,
एर्मेलिंदबाय मुलीकडे, चार दिवसांसाठी म्हणून.
किल्ल्या माझ्याकडे, खिळ्याला,
प्रत्येकीला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर नाव.

पॅक-अप झाल्यावर
खोबरेलाची बाटली घेऊन गेलो.
दार ढकललं. केवढ्याने करकरलं.
उभा राहिलो उंबऱ्यात.
कोण रे तो, असं आतून
कुणीच विचारलं नाही.

बाटलीला बूच लावलं
आणि तशीच परत आणली.