व्हतो

तीन कोटेशनं टेबलावर, वर नोटरीचा शिक्का दाबून ठेवलेला,
कारण पंखा दोनच्या खाली येत नाही.
खाली मेहेर सिग्नल, सव्वाअकराचे हॉर्न.
पिंगळेसाहेब म्हणाले, गांगुर्डे, तू ठरव.
लवादाच्या अकरा सुनावण्या आहेत,
शब्द न् शब्द उतरवणारं कुणीतरी हवं,
आणि पानाला किती, ते आधी विचार.

पहिली कंपनी पुण्याची.
गुळगुळीत फोल्डर, त्याच रात्री प्रत,
टाय लावलेला मुलगा : 'मॅडम, अठ्ठ्याण्णव टक्के अचूक.'
उरलेले दोन कुठले, मी विचारलं.
तो हसला.
ते हसू दरपत्रकात कुठेच धरलेलं नव्हतं.

दुसरं सॉफ्टवेअर. महिनाभर फुकट.
त्याने द्राक्षबागेला रुद्राक्षबाग केलं
आणि वणीला वाणी,
तरी साहेबांना ते आवडलं,
ते जेवायला जात नाही म्हणून.

तिसऱ्या मेहरुन्निसा कोकणी.
जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं लघुलेखक, आता निवृत्त.
पोस्टकार्डाएवढ्या कागदावर हाताने लिहिलेलं :
पानाला पंचावन्न रुपये. चहा नको.
मध्ये बोलू नये. बोललात तर तेही लिहीन.

तिघांना एकच रेकॉर्डिंग दिलं.
पिंपळगावच्या पॅकहाउसचा सुपरवायझर कारभारी मोगल,
कोल्ड स्टोअरेज बंद पडलं त्या रात्रीबद्दल बोलतोय.
कंटेनर भरताना तुम्ही तिथं होता का?
खुर्ची करकरते. कुणीतरी खोकतं.
मग तो म्हणतो, मी तवा तिथं
आणि खोकल्याच्या पलीकडून :
व्हतो.

त्या मधल्या जागेत एक 'न' आहे.
किंवा नाही.
दोन कोटी दहा लाख त्या एका 'न'वर उभे.

पुण्याने लिहिलं : होतो.
सॉफ्टवेअरनेही होतो,
शिवाय कारभारीचं सगळं बोलणं इतकं शुद्ध करून दिलं
की तो बातम्या वाचायला बसलाय असं वाटावं.

कोकणीबाई आमच्याच ऑफिसात बसून ऐकत होत्या,
ओढणीवरून हेडफोन, गुडघ्यावर वही.
त्यांची पेन्सिल एरवी थांबत नाही.
दाबून ओढली की एक अक्षर, हलकी ओढली की दुसरं,
मला ते सगळं मुंग्यांनी घर बदलावं तसं दिसतं.
त्या जागी चार वेळा मागे गेल्या.
चारही वेळा पेन्सिल कागदावर टेकलीच नाही.
मग टाइप केलं :
मी तवा तिथं (खोकला) व्हतो.

साहेब म्हणाले, बाई, नव्हतो म्हणतोय तो.
आमचाच साक्षीदार आहे, मला ठाऊक आहे.
'मग तुम्ही शपथेवर सांगा, तेही लिहून घेईन,'
त्या म्हणाल्या. 'मला ठाऊक नाही.'
आणि पेन्सिलीला टोक काढत बसल्या,
सालं मात्र आमच्या टोपलीत नाही, स्वतःच्या रुमालात.

मी गप्प.
त्या दिवशी पिंपळगावला, रेकॉर्डर हातात धरून,
गंधकाच्या वासाने खोकले ती मीच होते.
कारभारी माझ्यापासून दोन हातांवर बसला होता
आणि मी शपथेवर सांगते,
मलाही ऐकू आलं नव्हतं.

साहेबांनी दोन दिवस फाइल अडवली.
'ही बाई आपल्याही विरुद्ध असंच लिहील.'
मी सही करून पुढे पाठवली.
पंचावन्नाचे पन्नास करा म्हणाले, त्या नाही म्हणाल्या,
साहेब पंचावन्नावर आले.

पहिल्या सुनावणीची प्रत काल आली. त्रेसष्ट पानं.
चौदाव्यावर मी आहे :
अ‍ॅड. गांगुर्डे : म्हणजे, तुम्ही म्हणजे, माझं म्हणणं,
(प्रश्न अर्धवट).
मला तर वाटलं होतं मी त्या दिवशी फार छान बोलले.
लाल पेन उघडलं, तसंच मिटलं.

बिल तपासलं. बरोबर आहे.
खोकल्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत.