नंबर तोच राहतो

चोपड्यात बसस्टँडच्या मागे, ज्यूस सेंटरला लागून
माझं साडेसात फुटांचं दुकान.
दिवसाला आठ-दहा नंबर मी
या कंपनीतून त्या कंपनीत नेऊन सोडतो,
आणि सुपारी कातरावी तसं एकच वाक्य म्हणतो:
नंबर तोच राहतो, काळजी नको.

सुरमी बारेला आली तेव्हा
फोन पदराच्या गाठीत होता, बंद.
आशाताई आहे ती, अनेरच्या वरच्या अंगाला,
जिथं टेकडीवरच्या सागाखाली उभं राहिलं
तर एक कांडी रेंज येते.
म्हणाली, भाऊ, कंपनी बदलनी शे.
पन आधी सांग, मी करेल फोन कोठे जातीन?

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, नंबर येतो. बॅलन्स बुडतो.
कुणाला कधी लावला तो हिशेब जुन्या कंपनीकडे राहतो,
आणि तिचं ॲप दुसऱ्या सकाळी
तुम्हाला ओळखही देत नाही.

ती स्टुलावर बसली. सांगितलं थोडंच.
पौषातली रात्र, पाड्यावरचं बाळंतपण,
आणि तालुक्याहून आलेल्या कागदातली ओळ:
आशाने रुग्णवाहिकेस वेळेत कळविले नाही.
सोमवारी चौकशी.
बाळाचं मी विचारलं नाही.
तिनं गाठ सोडायला जो वेळ लावला, त्यात कळलं.

सिम नवऱ्याच्या नावावर, डोंगरसिंग.
ओटीपीपुरता फोन चालू केला.
कोनले लावू नको हा, ती दोनदा म्हणाली.
हिशेब माझ्या मेलवर मागवला.
फायलीला कुलूप, किल्ली त्याच्या नावाची चार अक्षरं.
ती रात्र शोधली.
एकच ओळ:
एकशेआठ. तीन बावन्न. अडतीस सेकंद.

अकरा वेळा लावला, ती म्हणाली.

कंपनी लागलेलाच फोन मोजते, ताई.
न लागलेल्याचे पैसे नाहीत, म्हणून नोंद नाही.
कंपनी काही माझ्या बापाची नव्हती,
तरी सांगताना मान खाली गेली.

मग तिनं तो बटणांचा डबा पुढे सरकवला.
यामा शेतस.
असल्या फोनात लावलेले शेवटचे वीस राहतात,
एकविसावा आला की पहिला गळतो.
एकेचाळीस दिवस तिनं एकही फोन केला नव्हता.
भावाची सोयरीक जमली, ती शेजारणीच्या फोनवर कळली.
पोरांनी खेळू नये म्हणून बॅटरी वेगळी,
ज्वारीच्या कोठीत.

खाली, खाली, अजून खाली.
दोन चौदा. शून्य सेकंद.
दोन सोळा. शून्य सेकंद.
दोन एकोणतीस. (मधली तेरा मिनिटं
ती चढत असणार.)
शून्य. शून्य.
तीन चाळीस. शून्य.
मी मोजले, तिनं मोजले नाहीत.

सिम काढलं की काही डबे सगळं विसरतात,
म्हणून आधी फोटो. ट्यूबलाइट चकाकली,
ज्यूसवाल्याचं बर्फाचं गोणपाट डोक्यावर घेतलं
आणि त्या ओल्या अंधारात पुन्हा काढले.
झेरॉक्स तीन-तीन. कंपनीचा कागद वर टाचला.
त्यानंतरच पोर्टचा मेसेज.

चकाकलेल्या फोटोला तिथं पुरावा म्हणतील का,
साहेब गोणपाटाचा वास घेतील का,
मला माहीत नाही.
झेरॉक्सचे पैसे घ्यायचे राहिले, एवढं माहीत आहे.

शनिवारी ती आली, नवं सिम चालू झालं.
लागस का देखू, म्हणाली,
आणि माझ्यासमोरच उभी राहून माझा नंबर दाबला.
काउंटरवर माझा फोन थरथरला.
टेस्टिंगचा फोन मी एरवी कापतो.
उचलला.
हातभर अंतरावर दोघं, कानाला फोन लावून.
हॅलो, ती म्हणाली.
हॅलो, मी म्हणालो, आणि ठेवला नाही.
शेजारी मिक्सर सुरू झाला.
त्याची घरघर मला दोनदा ऐकू आली,
एकदा भिंतीतून,
एकदा तिच्याकडून.